सेल्फ उचलत नाही? पाना आडवा धरण्याआधी हे वाचा

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला आणि नेमक्या त्याच सकाळी ट्रॅक्टरचा सेल्फ उचलत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. चावी फिरवली की आतून नुसते ‘टक्’ होते आणि पुढे सगळे गप्प. शेजारच्या शिवारात पेरणी चालू असते, भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही, आभाळ पुन्हा भरून येत असते. अशा वेळी माणूस सुचेल ते करून बसतो, आणि अपघात होतो तो तेव्हाच.

फुलंब्री तालुक्यातल्या एका वस्तीवर मी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. अंगणात जुना आयशर उभा होता. घरातला तरुण पोरगा मोठ्या चाकाच्या पुढ्यात, इंजिनाला खेटून उभा राहिला आणि त्याने सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना आडवा धरला. ठिणग्या उडाल्या, इंजिन एका दमात सुरू झाले, आणि ट्रॅक्टर चालायला लागला! रात्री कुणीतरी तो गिअरमध्येच उभा करून ठेवला होता. पोरगा बाजूला कोसळला म्हणून वाचला. चाक त्याच्या पायापासून वीतभर अंतरावरून गेले. ट्रॅक्टर गोठ्याच्या भिंतीला टेकला आणि बंद पडला.

त्याचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, नवा सेल्फच टाकून घेतो आता. पैशाचं बघू काहीतरी.”

नवा सेल्फ लागला नाही. बॅटरीपासून चेसिसला गेलेली अर्थिंगची तार ज्या नटाने आवळलेली होती, तो नट ढिला होता आणि त्याखाली गंज धरला होता. पाना, पॉलिश पेपर आणि दहा मिनिटे, एवढ्यात काम झाले. त्या ढिल्या नटापायी एक पोरगा जाता जाता वाचला. म्हणून हा लेख.

हवेवर थंड होणारे जुने इंजिन

मी मेकॅनिक नव्हे. पण कृषी पदविका करताना ट्रॅक्टर खोलून-जोडून शिकलो आणि नोकरीत गावोगाव फिरताना त्याहून जास्त शिकलो. आपल्या जिल्ह्यात जुने एक सिलिंडरचे आयशर अजूनही राबताना दिसतात. आयशर ही मुळात जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातली कंपनी. आपल्या देशात २४ एप्रिल १९५९ रोजी फरीदाबादच्या कारखान्यातून तिचा पहिला देशी बनावटीचा ट्रॅक्टर बाहेर पडला. पुढे २००५ साली हा ट्रॅक्टरचा धंदा चेन्नईच्या टॅफे कंपनीने घेतला. या जुन्या इंजिनांना रेडिएटर नाही, पाणी नाही. सिलिंडरवर पातळ पात्या असतात, त्यांवरून वारा जातो आणि इंजिन थंड होते. पाण्याची टंचाई असलेल्या मराठवाड्यात ही मोठी सोय ठरली.

पण एक मोठा सिलिंडर म्हणजे एकच मोठा दाब. तो पार करून इंजिन फिरवायचे तर सेल्फला जोर लागतो. शिवाय डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली गेली तरच ती तापते आणि डिझेल पेटते. सेल्फ हळू फिरला तर हवा पुरेशी तापत नाही आणि इंजिन धरत नाही. म्हणून अशा ट्रॅक्टरला बॅटरी, तारा आणि सेल्फ तिन्ही चोख लागतात.

आधी कान द्या, मग पाना घ्या

सेल्फकडे दोन वाटांनी वीज येते. बॅटरीपासून एक जाड तार थेट सेल्फच्या मोठ्या बोल्टावर येते. दुसरी बारीक तार चावीतून सेल्फच्या डोक्यावरच्या सोलेनॉइडला येते. चावी फिरवली की सोलेनॉइड दोन कामे करतो: लहान पिनियन पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंगेत अडकवतो आणि जाड तारेची वीज सेल्फला जोडून देतो. एवढे समजले की आवाजावरून दोष ओळखता येतो.

चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही: बॅटरी पूर्ण उतरली असेल, टर्मिनल सुटले असेल, नाहीतर चावीची बारीक तार तुटली असेल.

‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज: सोलेनॉइड ओढतो, पण जोर पडताच वीज खाली बसते. बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली, नाहीतर टर्मिनल खराब.

एकदाच ‘टक्’ आणि मग गप्प: आधी जाड तारा व अर्थिंग बघा. ते ठीक असेल तर सोलेनॉइडचे आतले पॉइंट जळालेले किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले असतात.

सेल्फ नुसता ‘घूंऽऽ’ करून मोकळा फिरतो, इंजिन हलत नाही: बेंडेक्स गेला.

‘खर्रर्र’ असा दाते घासल्याचा आवाज: पिनियनचे किंवा रिंगचे दाते झिजले. एक सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा दाबाच्या अलीकडे, ठरावीक जागी थांबते. त्यामुळे रिंगचे दाते एकाच जागी झिजतात. चावी बंद, स्टॉप ओढलेला आणि ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये, असे करून तो थोडा पुढे-मागे हलवला की इंजिनाची जागा बदलते आणि तेवढ्यापुरते काम भागते. लगेच गिअर काढा. मग सवडीने रिंग दुरुस्त करून घ्या.

चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो: पॉइंट चिकटले. वेळ न घालवता बॅटरीची तार काढा, नाहीतर सेल्फ जळेल.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही: मग दोष सेल्फचा नाही. डिझेल, फिल्टर आणि लाइनमधली हवा बघा.

हेडलाइटची परीक्षा

मीटर नसला तरी चालेल. हेडलाइट लावा आणि एकाला चावी मारायला सांगा. लाइट एकदम विझला तर टर्मिनल किंवा बॅटरी. लाइट मंद होत गेला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा सेल्फवर ओझे जास्त पडते आहे. लाइट तसाच लख्ख राहिला आणि सेल्फ हलला नाही, तर चावी, बारीक तार किंवा सोलेनॉइडमध्ये दोष आहे.

नंतर पाच-सात सेकंद सेल्फ मारून चावी बंद करा आणि जाड तारांच्या टोकांना बेताने हात लावून बघा. जो जोड गरम लागेल, दोष तिथेच. सेल्फ दोनशे अँपिअरच्या आसपास वीज ओढतो असे धरा. जोडात एक ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा असला, तरी दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बाराचे दहा झाले की सेल्फ कुंथायला लागतो. गंजाचा पातळ थर एवढा अडथळा सहज करतो.

अर्थिंगचा संशय असेल तर एक जाड जंपर तार बॅटरीच्या अर्थिंगच्या टर्मिनलपासून थेट सेल्फच्या अंगाला लावा. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये हवा आणि चावी मारणारा सीटवर बसलेला हवा. सेल्फ जोरात फिरला तर जुनी अर्थिंगची तार बदला किंवा साफ करा.

बॅटरी: दोष इथूनच शोधा

रब्बीची कामे संपली की पुष्कळ ट्रॅक्टर जूनपर्यंत झाडाखाली उभे राहतात. बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात जास्त वेगाने उतरते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो. मग कितीही चार्ज करा, ती पहिल्यासारखी होत नाही.

मीटर असेल तर काही आकडे लिहून ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण. १२ वर आली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरत असताना ती ९.६ च्या खाली जायला नको. हायड्रोमीटरने पाहिले तर भरलेल्या बॅटरीचे पाणी १.२६५ च्या आसपास असते. सहापैकी एखादाच कप्पा फार खाली दाखवत असेल तर ती बॅटरी बदलण्याच्या लायकीची झाली.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर खायचा सोडा कोमट पाण्यात मिसळून धुवा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग पॉलिश पेपरने शिसे चकचकीत करा, नट घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. तार काढताना चेसिसला गेलेली आधी काढा आणि जोडताना ती शेवटी जोडा. म्हणजे पाना कुठे टेकला तरी ठिणगी उडणार नाही. बॅटरीजवळ बिडी-काडी नको. तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. कप्प्यांत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचे पाणी नको.

थंडा असताना उचलतो, तापल्यावर रुसतो

ही तक्रार हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या मालकांकडून नेहमी ऐकायला मिळते. सकाळी पहिल्या झटक्यात चालू होतो, पण दुपारी जेवायला थांबून पुन्हा चावी मारली की नुसते टक्. तासाभराने गार झाला की पुन्हा उचलतो.

हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ब्रूस मेयर्स यांनी १९६४ साली फोक्सवॅगन बीटल मोटारीचे सुटे भाग घेऊन वाळूत पळणारी बग्गी तयार केली. तशा गाड्या पुढे जगभरच्या हौशी लोकांनी बांधल्या. तिचेही इंजिन हवेवर थंड होणारे, आणि जुन्या बग्गीवाल्यांची तक्रारही तीच: तापल्यावर सेल्फ उचलत नाही.

कारण साधे आहे. तांबे तापले की वीज अडवू लागते, दर दहा अंशाला साधारण चार टक्के जास्त. इंजिनाशेजारचा सोलेनॉइड तापतो. त्यात चावीपासून येणारी तार लांब, जुनी आणि ठिकठिकाणी जोडलेली. थंड असताना कशीबशी पुरणारी वीज तापल्यावर कमी पडते. ट्रॅक्टर तापलेला असताना चावी फिरवून सोलेनॉइडच्या लहान बोल्टावर मीटर लावा. नऊ-दहा व्होल्टांपेक्षा कमी आले तर तारेचा दोष. बाराच्या जवळ येऊनही टक् होत नसेल तर सोलेनॉइड बदला. बग्गीवाले यावर साधा रिले बसवतात. आपल्याकडचा ऑटो इलेक्ट्रिशियनही तो बसवून देतो. सेल्फजवळ रिले लावला की जोराची वीज बॅटरीकडून थेट सोलेनॉइडला मिळते आणि चावीवर भार राहत नाही. त्या तारेला फ्यूज मात्र हवाच.

त्याच वेळी सिलिंडरच्या पात्यांकडे बघा. मळणीचा भुसा, धूळ आणि ऑइल यांचा लेप बसला की वारा जात नाही आणि इंजिन गरजेपेक्षा जास्त तापते. इंजिन गार झाल्यावर ब्रशने आणि हवेच्या प्रेशरने पात्या साफ करा. तापलेल्या इंजिनावर पाणी मारू नका, तडा जाईल. तापल्यावर सेल्फ नुसता जड फिरत असेल तर त्याचे बुशही तपासून घ्या. बुश झिजले की आर्मेचर आत घासते.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये निदान अर्धा मिनिट विश्रांती द्या. क्लच दाबून मारला तर गिअरबॉक्सचे ओझे कमी होते. डीकॉम्प्रेशनचा दांडा असेल तर तो उचलून आधी वेग घेऊ द्या, मग सोडा.

पाना आडवा धरू नका

आता मुख्य गोष्ट. सेल्फच्या बोल्टांवर पाना किंवा पेचकस धरून ट्रॅक्टर चालू करणे ही गावोगाव रुळलेली सवय आहे. असे करताना माणूस जमिनीवर, मोठ्या चाकाच्या वाटेत उभा असतो. सीटवर कुणी नसते. क्लच दाबलेला नसतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सेल्फच त्याला पुढे ओढतो, इंजिन पकड घेते आणि पळायला जागा उरत नाही. नव्या ट्रॅक्टरला क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न लागण्याची सोय असते. पाना लावला की तीही निकामी होते.

“मी आधी गिअर बघतो” असे सगळेच म्हणतात. पण घाईत एक दिवस बघायचे राहते. शिवाय मोठा माणूस करतो ते घरातली पोरे बघतात आणि उद्या तसेच करतात. सेल्फच्या बोल्टांवर रबरी टोपी किंवा पत्र्याचे झाकण बसवा. पत्र्याचे असेल तर ते बोल्टांना टेकणार नाही असे बसवा. ट्रॅक्टर उभा करताना गिअर काढा, ब्रेक लावा, चावी घरात न्या.

मेमध्येच एक दिवस काढा

आपला जिल्हा वाळूजच्या आणि शेंद्र्याच्या गाड्यांच्या कारखान्यांमुळे ओळखला जातो. पण सोयगाव किंवा कन्नडच्या डोंगरपट्ट्यातल्या गावाला जूनमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन वेळेवर मिळत नाही. तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि कृषी कर्मचारी यांना विनंती आहे. खरिपाच्या नियोजनाची बैठक घेता, तेव्हा त्याला जोडूनच मेमध्ये एक दिवस गावातल्या ट्रॅक्टरांसाठी ठेवा. तालुक्याचा एक इलेक्ट्रिशियन बोलवा. त्याची मजुरी सगळ्यांनी मिळून दिली तर कुणालाच जड जाणार नाही. बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, सेल्फवरचे झाकण, एवढे तपासले तरी पुष्कळ झाले. गटाच्या अवजार बँकेचा ट्रॅक्टर त्यात आधी घ्या. तो दहा जणांच्या हाताखालून जातो.

फुलंब्रीच्या त्या वस्तीवर मी नंतर गेलो, तेव्हा सेल्फवर ट्यूबच्या रबराची टोपी बसवलेली होती. पोरानेच ती कापून बसवली होती. वडील म्हणाले, “साहेब, आता पाना पेटीत असतो आन चावी माझ्या खिशात.”

तुमचाही ट्रॅक्टर अंगणात उभा असेल. आज संध्याकाळी त्याच्या अर्थिंगचा नट एकदा हाताने हलवून बघा.