विश्लेषण : गुळवेलीचा काढा रोज प्यावा का?

करोनाच्या पहिल्या लाटेत गुळवेलीला एकदम भाव आला. कोणी कडुनिंबावर चढलेल्या वेलीची कांडे तोडून आणली, कोणी औषधाच्या दुकानातून बाटलीबंद रस. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी जंगलातून गुळवेल गोळा करून कंपन्यांना पुरवली, त्यातून चार पैसे मिळाले. लाट ओसरली, पण अनेक घरांत सकाळी उपाशीपोटी घेतला जाणारा काढा सुरूच राहिला. ‘झाडपाल्याचेच तर आहे, त्याने काय अपाय होणार’ हा त्यामागचा विश्वास. तो कितपत खरा?

मुंबईच्या डॉक्टरांना काय आढळले?

२०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. यकृताला सूज आलेल्या या सर्वांनी गुळवेल घेतली होती. पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अभ्यास आला. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता. अनेकांच्या तपासण्यांत स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटल्यासारखे चित्र होते. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घेतलेल्या वनस्पतीबाबत हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच अशी उलटलेली आहे (काही प्रकारचे थायरॉइडचे विकार, संधिवात), त्यांना ती आणखी चेतवणे महागात पडू शकते.

अर्थात, गुळवेल घेणाऱ्यांच्या संख्येपुढे ४३ हा आकडा लहान आहे. घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतो, असे हे अभ्यास सांगत नाहीत.

आयुष मंत्रालयाचे म्हणणे काय?

मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये या निष्कर्षावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती, हे आधी तपासायला हवे होते, हा त्यातील मुख्य मुद्दा. त्यात तथ्य आहे. ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’ ही खरी गुळवेल आणि ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही तिची चुलत बहीण. दोघींची पाने हृदयाकृती असल्याने भले भले फसतात. पण वेगवेगळ्या शहरांतील रुग्णांचा त्रास केवळ चुकीच्या वेलीमुळे झाला, असेही म्हणता येत नाही. त्यामुळे ‘आमची वेल अस्सल आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

वेल ओळखायची कशी?

मंत्रालयानेच २०२२ मध्ये खुणा सांगितल्या. गुळवेलीचे खोड हिरवट असते, त्यावर गाठींसारखे उंचवटे नसतात आणि तोडल्यावर दुधाळ चीक येत नाही. फळे गोल, लाल. क्रिस्पाचे खोड करडे, उंचवट्यांचे, चीक दुधाळ आणि फळे लांबट, नारिंगी. व्यवहारात एक अडचण येते. गुळवेलीचेही जून कांडे वरून करडे दिसते आणि त्यावर कागदासारखे पापुद्रे सुटतात. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये. कांडे आडवे कापले, की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते आणि वेलीवरून दोऱ्यासारखी मुळे खाली लोंबतात, हेही पाहावे. शंका असेल तर ती वेल घरात आणूच नये. पावडर घेतली, तर यातले काहीच तपासता येत नाही.

मग आजी द्यायची ते चुकीचे होते का?

नाही. पण ती केव्हा आणि किती द्यायची, ते आठवून पाहा. ताप आला, की बोटभर कांडे ठेचून, पाण्यात उकळून, अर्धे आटवून दोन-चार दिवस. ताप उतरला, की काढा बंद. आयुर्वेदात गुळवेल ‘रसायन’ म्हणून दीर्घकाळही दिली जाते. मात्र तेव्हा वैद्य प्रकृती पाहून मात्रा ठरवतात आणि मधूनमधून तपासतात. धडधाकट माणसाने महिनोन्महिने ग्लासभर रस स्वतःच ठरवून प्यायचा, ही परंपरा नव्हे. ती अलीकडची सवय आहे.

हीच गोष्ट घरातील इतर औषधांची. खोकल्यावर ज्येष्ठमधाचा तुकडा चघळणे ठीक. तेच रोज मोठ्या प्रमाणात घेतले, तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. भाजीतली हळद वेगळी आणि मिरीच्या अर्कासह येणारी हळदीची कॅप्सूल वेगळी. त्या कॅप्सूलमुळेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

कोणी विशेष जपावे?

यकृताचा जुना आजार, स्वयंप्रतिकार विकार, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा गर्भवती असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये. तिने रक्तातील साखर उतरू शकते, त्यामुळे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीही सावध राहावे. डॉक्टर ‘कोणती औषधे घेता’ असे विचारतात, तेव्हा आपल्याकडे काढा कोणी मोजत नाही. तो सांगायला हवा.

भूक मरणे, सतत थकवा, मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही जाणवले, तर काढा त्याच दिवशी थांबवून ‘एलएफटी’ ही रक्ताची तपासणी करून घ्यावी. इथे एक मोठा धोका आहे. आपल्याकडे काविळीवरही गुळवेल देण्याची पद्धत आहे. त्यामुळे डोळे पिवळे दिसताच काढा बंद करण्याऐवजी तो दुप्पट करण्याचा सल्ला शेजारून हमखास येतो. ज्या वेलीमुळे कावीळ झाली असेल, तीच अशा वेळी आणखी पोटात जाते.