येरवड्याला पाठवण्याआधी

पुण्यात ‘याला येरवड्याला पाठवा’ असं कुणी म्हटलं, तर तुरुंगात की वेड्यांच्या इस्पितळात, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. दोन्ही तिथेच आहेत. तुरुंगात जाणाऱ्यावर निदान खटला चालतो, त्याला वकील मिळतो, शिक्षेला मुदत असते. शेजारच्या 2540 खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ज्याला आणून सोडलं जातं, त्याच्या बाजूने कोण बोलतं? हा प्रश्न याच शहरात राहून भार्गवी दावर यांनी पंचवीस वर्षं लावून धरला. मे 2024 मध्ये त्या गेल्या. मराठी वाचकाला हे नाव फारसं ओळखीचं नाही. त्यांचं बहुतेक लेखन इंग्रजीत झालं, आणि जिनिव्हात त्यांचं जितकं ऐकलं गेलं तितकं सदाशिव पेठेत ऐकलं गेलं नाही.

1999 मध्ये त्यांनी पुण्यात ‘बापू ट्रस्ट’ सुरू केला. नाव ऐकून गांधीजी आठवतात, पण या बापू म्हणजे त्यांची आई. आईवर मनोरुग्णतेचा शिक्का बसला आणि तिच्या आयुष्यातली वर्षं मनोरुग्णालयांत गेली. आईला भेटायला जाणाऱ्या लहान मुलीने ते वॉर्ड आतून पाहिले. अशा घरातली मुलं मोठी होऊन बहुधा गप्प राहतात, काही जण डॉक्टर होतात. भार्गवी तत्त्वज्ञानाकडे वळल्या. आयआयटी मुंबईत त्यांनी पीएच.डी. केली ती मानसशास्त्र आणि मानसोपचार ज्या गृहीतकांवर उभे आहेत, ती तपासण्यासाठी. एखाद्याचं मन बिघडलं आहे असं आपण म्हणतो ते कशाच्या आधारावर, आणि तसं म्हणण्याचा अधिकार कुणाला? घरात पाहिलेल्या गोष्टीला त्यांनी असा प्रश्नाचा आकार दिला.

ट्रस्ट निघाला त्याच वर्षी भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यातला मुद्दा आजही बोचतो. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारांचं प्रमाण स्त्री-पुरुषांत साधारण सारखंच आढळतं. नैराश्य, चिंता, न थांबणारी डोकेदुखी, उडालेली झोप हे त्रास मात्र बायकांमध्ये जवळपास दुपटीने दिसतात. म्हणजे बाईच्या मेंदूत काही उणं आहे म्हणून हे होतं, असं मानायला आधार नाही. तिच्या दिवसात काय आहे ते बघावं लागतं. मार, उपास, पाण्याची रांग, दारुडा नवरा. सरकारी व्यवस्था उभी आहे ती गंभीर आजारांभोवती. उरलेल्या असंख्य बायकांच्या वाट्याला ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला आणि झोपेची गोळी. स्त्री चळवळीनेही या बायकांकडे पाहिलं नाही, हे सुनवायला दावर कचरल्या नाहीत.

शिवाय कायदा आहेच. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. कागदावर ते नवरा-बायको दोघांनाही सारखंच लागू. पण मानसोपचारतज्ज्ञाची एखादी जुनी चिठ्ठी कपाटात जपून ठेवण्याची ताकद घरात कुणाकडे असते, हे वेगळं सांगायला नको.

6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. आतली माणसं साखळदंडाने बांधलेली होती. 28 जण मेले. देश हादरला, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, अशी आश्रयगृहं बंद झाली आणि तिथल्या अनेकांना सरकारी मनोरुग्णालयांत हलवलं गेलं. बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. दावर यांच्यासारख्यांना यात सुटका दिसेना. साखळी गेली, कुलूप आलं; त्या माणसाला कुठे राहायचं आहे हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.

त्याच सुमारास बापू ट्रस्टने भूल न देता दिल्या जाणाऱ्या शॉकविरुद्ध आवाज उठवला. सिनेमात दाखवतात तशी ही गोष्ट नव्हती, पण कमी भयंकरही नव्हती. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिलं नाही, तर विजेच्या झटक्याने सगळ्या अंगाला आचके येतात, हाडं मोडू शकतात, जीभ चावली जाते. म्हणून चार जणांनी हातपाय दाबून धरायचे. भूलतज्ज्ञ मिळत नाही तिथे दुसरा काय इलाज, असं काही नामवंत मानसोपचारतज्ज्ञ उघडपणे लिहीत होते. भूलतज्ज्ञ नाही म्हणून भूल न देता अपेंडिक्स काढायला आपण तयार होऊ का, असं कुणी विचारलं असतं तर वाद तिथेच मिटायला हवा होता. तो मिटायला 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा यावा लागला. त्याच्या 95 व्या कलमाने असा शॉक आणि साखळदंड, दोन्हींवर बंदी घातली.

आता यातली खास पुणेरी गोष्ट. हा कायदा घडवण्यात मोठा वाटा होता पुण्याच्याच इंडियन लॉ सोसायटीतल्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राचा, डॉ. सौमित्र पाठारे यांचा. आणि त्या कायद्याच्या ठाम टीकाकार होत्या याच शहरातल्या दावर. दोघांच्याही हातात एकच करार होता. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा हा करार 2006 मध्ये झाला आणि 2007 मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. मनाच्या अवस्थेमुळे कुणाचा निर्णयाचा अधिकार जात नाही, असं तो करार सांगतो. कायद्याच्या बाजूचे म्हणत, आपण 1912 च्या ‘ल्युनसी अ‍ॅक्ट’पासून कुठवर आलो ते बघा. आजारी पडण्याआधीच, मला कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे लिहून ठेवता येतं. आपल्या वतीने बोलणारा माणूस आपणच नेमू शकतो. दावर बोट ठेवत ते 89 व्या कलमावर. त्यानुसार नेमलेल्या प्रतिनिधीचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची तपासणी एवढ्यावर माणसाला त्याच्या मनाविरुद्ध 30 दिवस दाखल ठेवता येतं. बाई असेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला तीन दिवसांत कळवायचं, पुरुष असेल तर सात दिवसांत. दाखल व्हायचं नाही असं म्हणण्याचा अधिकार, नेमका तो म्हणण्याची वेळ येते तेव्हाच हातातून सुटतो, ही त्यांची तक्रार होती. 2019 मध्ये भारताचा आढावा घेताना संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही अशा तरतुदी काढून टाकायला सांगितलं.

मला हा युक्तिवाद पटतो, पण पूर्ण पटवून घेताना अडखळायला होतं. रात्री दोन वाजता तरुण मुलगा गॅलरीच्या कठड्यावर चढला असेल, तर आईने कराराचं कोणतं कलम वाचायचं? कुटुंबांची बाजू सांगणारी चळवळही पुण्यातलीच आहे. कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणींच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2004 चा ‘देवराई’ हा चित्रपट उभा राहिला तोही वाणींच्या पुढाकाराने. ‘देवराई’ पाहून रडलेल्या प्रेक्षकाला त्यातल्या आजारी शेषच्या बहिणीची ओढाताण कळते. दावर विचारत, शेषचं काय?

टीका करून त्या थांबल्या असत्या, तर त्यांना बाजूला सारणं सोपं होतं. पण पुण्याच्या वस्त्यांमध्ये ट्रस्टने ‘सेहेर’ हा उपक्रम चालवला, तो या रात्री दोनच्या प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाने जातो. कार्यकर्त्या घरोघरी जातात, चौकात बैठका घेतात. एखादी बाई दिवसदिवस अंथरुणातून उठत नसेल, तर आधी कोणता आजार हे विचारत नाहीत. ती शेवटची पोटभर जेवली कधी, झोपते कुठे, घरात मारहाण होते का, रेशनकार्ड आहे का, शेजारची कोण तिच्याशी बोलते, हे बघतात. समुपदेशन असतं; ढोल, गाणं, चित्रं, श्वासाचे व्यायाम असतात; महापालिकेच्या दवाखान्यापर्यंत सोबत असते. औषध हवं असेल त्याला औषधही. तिच्याभोवती चार माणसं गोळा करणं हे त्यातलं मुख्य काम, आणि सगळ्यात वेळखाऊही. कठड्यावर चढण्याच्या आधी महिनोन्‌महिने जे घडत असतं, तिथे कुणीतरी पोचलेलं असावं, एवढीच यामागची साधी समजूत.

हे काम अनुदानांवर चालतं आणि खाटांच्या आकड्यात मोजता येत नाही, म्हणून सरकारी अंदाजपत्रकात त्याला रकाना सापडत नाही. 2013 पासून दावर आशियातल्या देशांमधल्या अशाच माणसांचं जाळं विणू लागल्या. स्वतःवर निदानाचा शिक्का बसलेलेच त्यात पुढे होते. या जाळ्याच्या 2018 च्या बाली जाहीरनाम्याने मागितलं ते घर, रोजगार आणि शेजार. आणखी मनोरुग्णालयं नकोत, असं बजावून. आपल्याकडच्या कायद्यातही, निव्वळ घर नाही किंवा घरचे न्यायला येत नाहीत म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं 19 वं कलम सांगतं. अशा माणसांसाठी समाजात राहण्याच्या सोयी उभ्या करण्याची जबाबदारी त्याच कलमाने सरकारवर टाकली आहे. हा कायदा अमलात आला 29 मे 2018 रोजी.