वांगणीचा फौजदार आणि रिकामा कॅमेरा

मे महिन्याची ३ तारीख आली की भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेची उजळणी सुरू होते. १९१३ साली याच दिवशी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’, साळुंके या पुरुष नटाने केलेली राणी तारामती आणि स्त्रीभूमिकांसाठी मिशी उतरविण्यावरून झालेली कुरकुर, हे सारे वाचकांना पाठ आहे. परंतु विठ्ठलवाडीच्या फलाटावरून कर्जतची गाडी पकडणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते की, अंबरनाथ-बदलापूर मागे पडल्यावर लागणाऱ्या वांगणीस त्या चित्रपटाचे बाह्यचित्रण झाले?

चित्रपटाचे कर्ते दादासाहेब फाळके यांनी नटमंडळी आगगाडीने पुढे धाडली व आपण मागाहून निघाले. तलवारी, ढाली आणि भाले घेऊन उतरलेले हे परके पुरुष पाहून, दरोडेखोरांची टोळीच आली अशा समजाने ग्रामस्थ पाटलाकडे धावले. पाटलाने फौजदारास वर्दी दिली. आणि झडतीत एवढा मुद्देमाल हाती लागताच अयोध्येचा सारा दरबार अटकेत पडला.

माझी सहानुभूती त्या फौजदाराकडे आहे. सिनेमात काम करणे हलके मानले जाई, म्हणून ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत’ असे सांगण्याची शिकवण फाळके यांनी आपल्या माणसांना दिलेली होती. कारखाना अदृश्य, मालक गैरहजर आणि हत्यारे तेवढी हजर, अशा टोळीच्या जबानीवर कोणता अंमलदार विश्वास ठेवील? फाळके येऊन पोहोचल्यावरही त्याची खातरजमा होईना, तेव्हा फिल्म न भरताच कॅमेरा लावून त्यांनी सर्वांकडून एक प्रसंग वठवून घेतला, आणि मगच सुटका झाली.

पुढचा प्रसंग मात्र हसण्यावारी नेता येत नाही. हरिश्चंद्रपुत्र रोहिदासाचे काम करणारा फाळके यांचा मुलगा भालचंद्र खडकावर पडून बेशुद्ध झाला असता, मुंबईस नेण्याचा सल्ला बाजूस सारून, जुजबी उपचारांनंतर, त्याच अवस्थेत चितेचे दृश्य टिपण्यात आले. याला ध्येयनिष्ठा म्हणण्याचा प्रघात आहे. मला ती निष्ठुरतेच्या उंबरठ्यावरची वाटते.

धाडस फाळके यांचे खरे, पण त्याची किंमत भरली ती भोवतालच्यांनी. पत्नी सरस्वतीबाईंनी साठसत्तर माणसांचा स्वयंपाक केला, अंधारात फिल्मला छिद्रे पाडली, प्रकाश परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात तासन्‌तास उभ्या राहिल्या. फाळके जयंतीच्या भाषणात सरस्वतीबाईंची बोळवण ‘मोलाची साथ’ एवढ्या दोन शब्दांत होते. माझ्या मते त्या पहिल्या चित्रपटाच्या सहनिर्मात्या होत, आणि इतिहासाच्या पुस्तकांनी तसे स्वच्छ लिहावे.