भूमिका (१९७७ चित्रपट)

भूमिका हा श्याम बेनेगल दिग्दर्शित हिंदी चित्रपट १९७७ साली प्रदर्शित झाला. मराठी अभिनेत्री हंसा वाडकर (१९२३–१९७१) यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर तो आधारलेला आहे. स्मिता पाटील यांनी त्यात उषा ऊर्फ उर्वशी या अभिनेत्रीची मध्यवर्ती भूमिका केली. हा चित्रपट हंसा वाडकरांचे चरित्र नाही. त्यांच्या आयुष्यातील घटनांवरून रचलेली ती कल्पित कथा असून, तिच्या पार्श्वभूमीला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची मुंबईची चित्रपटसृष्टी आहे.

मूळ आत्मकथन

हंसा वाडकर यांचे मूळ नाव रतन साळगावकर होते. त्यांच्या घराण्यात गायनाची परंपरा होती. घरच्या आर्थिक अडचणींमुळे त्यांना लहान वयातच चित्रपटांत काम करावे लागले. ‘विजयाची लग्ने’ (१९३६) हा त्यांचा आरंभीचा चित्रपट होय. प्रभातच्या ‘संत सखू’मध्ये (१९४१) त्यांनी सखूची भूमिका केली. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या पेशवाईतील शाहिराच्या जीवनावरील चित्रपटात त्या बया या तमासगीर स्त्रीच्या भूमिकेत होत्या. गतकाळातील कलावंत स्त्री पडद्यावर साकारणाऱ्या या अभिनेत्रीचे स्वतःचे आयुष्य पुढे एका चित्रपटाचा विषय झाले.

अनंत माने दिग्दर्शित ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हा त्यांचा सर्वाधिक गाजलेला तमाशापट होय. तो पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. आत्मकथनाला याच चित्रपटाचे नाव देण्यात आले. वाडकरांनी सांगितलेल्या आठवणींचे शब्दांकन पत्रकार अरुण साधू यांनी केले. त्या प्रथम ‘माणूस’ या नियतकालिकातून आणि नंतर १९७० साली राजहंस प्रकाशनातर्फे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. पुढच्याच वर्षी वाडकरांचे निधन झाले. त्यामुळे आपल्या आयुष्यावरून घडवलेली ‘भूमिका’ त्यांना पाहता आली नाही.

कथानक

चित्रपटाच्या आरंभी उर्वशी एका नृत्यगीताच्या चित्रीकरणात दिसते. पती केशव दळवीशी (अमोल पालेकर) झालेल्या भांडणानंतर ती घर सोडते. त्यानंतर तिचे पूर्वायुष्य तुकड्यातुकड्यांनी उलगडत जाते. त्यात आजीकडून मिळालेली गाण्याची तालीम, मुंबईतील पदार्पण आणि केशवशी झालेला विवाह यांचा समावेश आहे. केशव तिच्या कमाईवर जगतो आणि तिच्यावर संशयही घेतो. सहकलाकार राजन (अनंत नाग) व दिग्दर्शक सुनील वर्मा (नसीरुद्दीन शाह) यांच्याशी असलेल्या संबंधांतूनही तिला आधार मिळत नाही. अखेर ती विनायक काळे (अमरीश पुरी) या धनिकाच्या गावच्या वाड्यावर राहायला जाते. तेथे तिला घरातील मान मिळतो, पण उंबरठा ओलांडण्याची मुभा नसते. त्या घरातून सुटण्यासाठी तिला पुन्हा केशवचीच मदत घ्यावी लागते. परतल्यावर मात्र ती कोणाच्याही आश्रयाला न जाता एकटी राहणे पसंत करते.

वास्तव आणि कल्पित

आत्मकथन आणि चित्रपट यांत अनेक साम्ये आहेत. वाडकरांनी मराठवाड्यातील एका खेड्यात काढलेल्या सुमारे तीन वर्षांचा वृत्तान्त पुस्तकात आहे. चित्रपटातील काळे प्रकरणाचा उगम त्यात आहे. रतनची हंसा झाली, तशीच चित्रपटात उषाची उर्वशी होते. मात्र पात्रांची नावे बदललेली आहेत आणि संवाद व प्रसंगांची जुळणी पटकथाकारांची आहे.

निवेदनातील फरक अधिक महत्त्वाचा आहे. पुस्तकात स्त्री स्वतः बोलते. काय सांगायचे आणि कोणत्या सुरात सांगायचे, हे ती ठरवते. चित्रपटात तिच्याकडे बाहेरून पाहिले जाते. पती, प्रियकर, दिग्दर्शक आणि मालक यांच्या अपेक्षांनुसार तिला वठवाव्या लागणाऱ्या निरनिराळ्या भूमिका हा चित्रपटाचा मुख्य विषय बनतो. म्हणून चित्रपटातील प्रत्येक घटना वाडकरांच्या चरित्रातील घटना मानणे योग्य ठरत नाही. तसेच, चित्रपट पाहिल्याने पुस्तकाचे वाचन अनावश्यक होत नाही.

निर्मिती आणि पुरस्कार

छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे, तर संगीत वनराज भाटिया यांचे आहे. पूर्वायुष्यातील प्रसंगांसाठी कृष्णधवल चित्रणाचा वापर केल्याने प्रेक्षकाला काळातील बदल सहज ओळखता येतो. पटकथा बेनेगल, गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे यांनी लिहिली. तिला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. स्मिता पाटील यांना याच चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार प्राप्त झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कारही ‘भूमिका’ला मिळाला.

खानदेशाशी संबंध

स्मिता पाटील (१९५५–१९८६) यांचा जन्म पुण्यात झाला, परंतु त्यांचे घराणे खानदेशातील शिरपूरचे होते. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील हे महाराष्ट्र शासनात मंत्री होते. शिरपूर आणि नंदुरबार ही दोन्ही गावे त्या काळी एकाच धुळे जिल्ह्यात होती. १ जुलै १९९८ रोजी धुळ्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला आणि शिरपूर धुळे जिल्ह्यात राहिले.

या कथेचा मूळ ग्रंथ मराठीबाहेर पोहोचण्यातही खानदेशाचा वाटा आहे. जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांनी केलेला ‘सांगत्ये ऐका’चा इंग्रजी अनुवाद २०१३ साली प्रसिद्ध झाला. शिंदे या जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. २०१८ पासून ते खानदेशच्याच कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. या अनुवादामुळे मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांना चित्रपटातील उषा आणि पुस्तकातील हंसा यांची तुलना करणे शक्य झाले.