मधमाश्या कमी झाल्या – दोष कुणाचा?



नरडाणा, बेटावद, शिंदखेडा या पट्ट्यात चार शेतकरी एकत्र बसले की मधमाशीचा विषय निघतो. एक म्हणतो, "फवारण्यांनी माश्या मारल्या, दुसरं काही नाही." दुसरा म्हणतो, "अहो, पाऊसमान बिघडलं, ऊन वाढलं, त्याला माणूस काय करणार?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र कुणाचा वाटा किती हे नीट समजून घेतले, तरच उपाय सापडतो.

आधी माशी ओळखा

आपल्याकडे मुख्यतः तीन देशी मधमाश्या आहेत. उंच झाडाला किंवा कड्याला एकच मोठे पोळे करणारी आग्या. झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी लहान फुलोरी. आणि झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अनेक पोळी बांधणारी सातेरी. पेटीत पाळतात ती सातेरी किंवा परदेशातून आणलेली युरोपियन माशी.

हा भेद महत्त्वाचा आहे. जगाचा हिशेब पाहिला तर पेटीत पाळलेल्या वसाहती गेल्या साठ वर्षांत एकंदरीत वाढल्याच आहेत. 2006 साली अमेरिकेत पेट्याच्या पेट्या ओस पडू लागल्या, तेव्हा जगभर चर्चा झाली. तिथे पाळणारे लोक वसाहती विभागून नव्या करतात आणि तूट भरून काढतात. आपल्या बांधावरच्या रानमाशीची तूट कोण भरून काढणार? खरी काळजी तिची आहे.

निसर्गाचा वाटा

आग्या माशी मुळातच फिरस्ती आहे. फुलोरा संपला की सगळी वसाहत दुसरीकडे जाते आणि हंगाम आला की परतते. म्हणून उन्हाळ्यात चिंचेवर पोळे दिसले नाही म्हणजे माश्या मेल्याच असे समजू नये. आपला भाग कमी पावसाचा. दुष्काळ पडला की फुले नाहीत, पाणी नाही, मग वसाहती उठून जातात. मेणकिडा, गांधीलमाशी, वेडा राघू हे शत्रू तर पूर्वापार आहेतच. एवढे सगळे सोसून मधमाशी हजारो वर्षे टिकली, हेही विसरू नये.

माणसाचा वाटा

पहिली गोष्ट औषधांची. कपाशी फुलात असताना सकाळी दहा वाजता पंप पाठीवर घेतला, तर त्याच वेळी माशी फुलावर असते. ती जागीच मरते. भुकटी तर परागाबरोबर अंगाच्या केसांना चिकटून पोळ्यात जाते. आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसातून मधुरसात उतरतात. 2012 साली फ्रान्समध्ये शास्त्रज्ञांनी माश्यांच्या पाठीवर बारीक खुणा चिकटवून पाहिले. थायामेथोक्झॅम अगदी थोडे पाजलेल्या माश्या मेल्या नाहीत, पण त्यांतल्या बऱ्याच घरची वाट चुकल्या. याच वर्गातली तीन औषधे युरोपीय संघाने 2018 मध्ये उघड्या शेतात वापरायला बंद केली.

बी.टी. कपाशी 2002 साली आली. तिच्यातले प्रथिन अळीवर चालते. मधमाशीला त्याने अपाय होतो असे प्रयोगांत दिसलेले नाही. पण मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यासाठी फवारणी सुरूच राहिली आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने ती आणखी वाढवली.

दुसरी गोष्ट चाऱ्याची. बांध कोरले, बोरी-बाभळी तोडल्या, निंब-चिंच गेली. एक पीक फुलले की मेजवानी, ते संपले की उपास. असा संसार कसा चालायचा?

तिसरी गोष्ट मध काढण्याची रीत. टेंभा लावून मोहोळ जाळले की मध दोन-चार किलो मिळतो, पण राणी, अंडी, पिल्ली सगळी संपतात.

रोगाचे काय? सातेरीची अळी पिशवीसारखी फुगून मरते, तो थाई सॅकब्रूड रोग विषाणूचा. 1991-92 च्या सुमारास केरळात त्याने बहुतेक वसाहती संपवल्या. विषाणू निसर्गाचा खरा, पण रोगी पेटी गावोगाव नेतो तो माणूसच.

मोबाईलच्या मनोऱ्यांचेही नाव घेतात. त्यासाठी ठाम पुरावा हाती आलेला नाही. मनोऱ्याकडे बोट दाखवून पंपाकडे कानाडोळा करू नये.

नुकसान कुणाचे?

ज्वारी-बाजरीचे परागण वाऱ्याने होते. केळीला त्याची गरज नाही. पण कांदा बियाण्याचे तसे नाही. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे पराग दुसऱ्या फुलावरून आणावाच लागतो, आणि ते काम मुख्यतः माशीचे. सूर्यफूल, तीळ, कलिंगड, काकडी, डाळिंब यांनाही तिची मदत लागते.

पडताळा घरच्या घरी पाहा. फुले उमलण्याआधी पाच-सहा गोंड्यांना मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा. काढणीला झाकलेल्या आणि उघड्या गोंड्यांचे बी वेगवेगळे वजन करा. माशीची मजुरी किती, ते तराजूच सांगेल.

काय करावे?

1. पीक फुलात असताना फवारणी शक्यतो टाळावी. किडींची संख्या मोजून, गरज असेल तरच करावी.
2. करावीच लागली तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर करावी. भुकटी धुरळू नये. दोन-तीन औषधे मनाने एकत्र करू नयेत.
3. शेजाऱ्याने पेट्या ठेवल्या असतील तर त्याला आदल्या दिवशी कळवावे.
4. बांधावर बोर, बाभूळ, निंब राखावेत. शेवगा, करंज लावावेत.
5. उन्हाळ्यात पसरट भांड्यात दगड ठेवून पाणी भरावे, म्हणजे माशी बुडत नाही.
6. मोहोळ जाळू नये. पिल्लांचा भाग ठेवून फक्त मधाचा भाग कापण्याची रीत जाणकाराकडून शिकावी.
7. कांदा बियाण्यात पेट्या ठेवायच्या तर साधारण दहा टक्के फुले उमलल्यावर आणाव्यात. लवकर आणल्यास माश्यांना दुसऱ्याच फुलांची सवय लागते. पेटी निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी.

पेटीपालन शिकायचे असेल त्यांनी पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था किंवा महाबळेश्वरचे मध संचालनालय यांच्याकडे चौकशी करावी.

तेव्हा मंडळी, सगळा दोष माणसाचा नाही हे खरे. पण दुष्काळ आपल्या हातात नाही, आणि पंप मात्र आपल्याच पाठीवर आहे. एका शेतकऱ्याने वेळ पाळून भागत नाही, कारण माशी एक-दोन किलोमीटर फिरते आणि तिला बांध कळत नाही. म्हणून यंदा कांद्याचे गोंडे फुलण्याआधी शिवारातल्या सर्वांनी एकत्र बसून फवारणीची वेळ ठरवून घ्यावी.