दोन हजार होनांचं हस्तलिखित

मद्रास सरकारने १८०७ साली एका फ्रेंच पाद्र्याकडून एक हस्तलिखित विकत घेतलं. किंमत ठरली दोन हजार स्टार पॅगोडा, म्हणजे आपल्याकडचे होन; रुपयांत सुमारे सात हजार. दक्षिणेतल्या हिंदूंचं स्नान, सोवळंओवळं, जेवणखाण, सुतक, श्राद्ध असं सगळं त्यात होतं आणि एक अख्खं प्रकरण लग्नावर होतं. आबे द्युबुआचं हे पुस्तक विद्यार्थिदशेत हाती आलं, तेव्हापासून ते लग्नाचं प्रकरण काही माझ्या मनातून गेलं नाही. परदेशी माणूस, त्यात ख्रिस्ती धर्मगुरू, ब्राह्मणाच्या घरच्या मांडवात होमाच्या इतक्या जवळ पोचला कसा? या प्रश्नाचा माग काढत गेलं की जी हकीकत समोर येते, ती द्युबुआच्या कीर्तीला धक्का देणारी आहे.

कंपनी सरकारला अशा पुस्तकाची निकड का भासली, हे वेल्लोर आठवलं की कळतं. १० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी उठाव केला. नव्या धर्तीची पगडी, कपाळावरचं गंध पुसण्याचा आणि दाढी काढण्याचा हुकूम यांनी ठिणगी पडली होती. गव्हर्नर होता विल्यम बेंटिंक, पुढे सतीबंदीमुळे आपल्या शालेय पुस्तकांत आलेला. या प्रकरणापायी त्याला पुढच्याच वर्षी माघारी बोलावलं गेलं. म्हैसूर दरबारच्या रेसिडेंटाने, मेजर मार्क विल्क्सने, पाठवलेलं हे हस्तलिखित घेण्याचा निर्णय याच बेंटिंकचा. त्याने त्याचं कारणही मोकळेपणाने नोंदवलं: यांची भाषा आम्हाला अर्धीमुर्धी येते, यांच्यात आम्ही मिसळत नाही, यांना यांच्या घरात, बायकामुलांत पाहणं आम्हाला शक्यच नाही. मुंबईच्या लिटररी सोसायटीचा, म्हणजे आजच्या एशियाटिकचा, संस्थापक जेम्स मॅकिंटॉश आणि विल्यम अर्स्किन यांनीही पुस्तकाला पसंती दिली होती.

द्युबुआ १७९२ साली भारतात आला. टिपू पडल्यावर म्हैसूर मुलखात गेला, देशी वेष घेतला, शाकाहार पत्करला, गावोगाव देवीची लस टोचण्याच्या कामाला हातभार लावला. कानडी लोक त्याला ‘दोड्डस्वामी’ म्हणत. १८२३ साली तो फ्रान्सला परतला, तेव्हा हिंदूंचं धर्मांतर होणं नाही, असं त्याचं ठाम मत झालं होतं आणि ते त्याने छापूनही टाकलं. मिशनरी त्याच्यावर तुटून पडले. तो वाद मोठा आहे, पण आपल्याला लग्नाकडे जायचं आहे.

मार्च ते जून हे लग्नाचे महिने. पिकं निघालेली, उन्हामुळे शेतीची कामं थांबलेली, घरात धान्य. नवरा सोळाच्या पुढेमागे. नवरी पाच, सात, फार तर नऊ वर्षांची. पाच दिवसांचा सोहळा. गणपतिपूजन, ग्रहांची पूजा, होम, तीन गाठींनी बांधलेली ताली म्हणजे मंगळसूत्र, पाट्यावर ठेवलेलं नवरीचं पाऊल, सप्तपदी, अरुंधतीदर्शन, रात्री मशालींच्या उजेडात पालखीची वरात. जेवताना नवरानवरी एका पानावर बसतात, आणि पुढे आयुष्यभर बायकोने नवऱ्यामागून जेवायचं.

सगळ्यात जिवंत उतरली आहे ती काशीयात्रा. नवरामुलगा लांबच्या प्रवासाची तयारी करून घराबाहेर पडतो, मी काशीला चाललो म्हणतो. मुलीचा बाप वाटेत गाठतो, कन्या देण्याचा शब्द देतो, मग स्वारी मागे वळते. चेन्नईत मैलापूरच्या एखाद्या कल्याणमंडपात आजही हे पाहायला मिळतं: हातात काठी आणि विंझणा, डोक्यावर छत्री, पायात नव्या वहाणा, आणि सासरा काकुळतीने आडवा येतो. आपल्याकडे सोडमुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा मुलगी देतो म्हणून त्याला थांबवतो, तीच ही गोष्ट. मराठी वाचकाला हे प्रकरण परकं वाटत नाही, ते यामुळेच.

पण नीट वाचलं की जाणवतं, हे बघ्याचं लेखन नव्हे. बाहेरून लग्न पाहणाऱ्याला वाजंत्री आठवतात, गर्दी, मशाली आठवतात. इथे कशानंतर काय, कोणत्या वस्तू, कोणी कुठे बसायचं, हे एखाद्या भटजींनी शेजारी बसून सांगावं तसं येतं. मधूनच हा स्वर तुटतो आणि हिंदूंच्या अंधश्रद्धेवर शेरे सुरू होतात. दोन वेगळ्या माणसांचं लेखन एकमेकांना जोडलं आहे, असं मला पहिल्यापासून वाटत आलं.

हस्तलिखिताचा पुढचा प्रवासही वेडावाकडा आहे. मद्रासहून ते लंडनला गेलं आणि १८१६ साली इंग्रजी भाषांतर निघालं. पण मद्रासमध्ये द्युबुआला त्याची प्रत सुधारणेसाठी परत मिळाली होती आणि त्याने ती पुष्कळच बदलली, वाढवली. लंडनचं पुस्तक निघालं ते जुन्या खर्ड्यावरून. सुधारलेली प्रत मद्रास सरकारच्या दप्तरात पडून राहिली. १८२५ साली पॅरिसला फ्रेंच आवृत्ती निघाली, तरी इंग्रजी वाचणाऱ्यांच्या हाती जुनाच मजकूर होता. शतकाच्या अखेरीस हेन्री बीचम याने मद्रासच्या दप्तरातली प्रत बाहेर काढली आणि १८९७ साली तिचं भाषांतर प्रसिद्ध केलं. तेच आजही छापलं जातं.

उलगडा झाला तो त्यानंतर ऐंशी वर्षांनी. सिल्व्हिया म्यूर या फ्रेंच संशोधिकेला लंडनच्या इंडिया ऑफिस लायब्ररीत भारतीयांच्या चालीरीतींवरचं १७७७ सालचं एक फ्रेंच हस्तलिखित मिळालं. त्यावर नाव निकोला-जाक देव्हो या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याचं, आणि मजकूर मोठ्या प्रमाणात द्युबुआच्या पुस्तकाशी जुळणारा. १७७७ साली द्युबुआ अकरा वर्षांचा होता, फ्रान्समध्ये. म्यूरबाईंनी १९७७ साली आधी देव्होलाच खरा लेखक मानून पाहिलं, पण तिथे थांबल्या नाहीत. १९८७ साली दोन खंडांत त्यांनी दाखवून दिलं की देव्होनेही दुसऱ्याचंच लेखन बेतून घेतलं होतं. मूळ लेखक गास्ताँ-लोराँ केर्दू, १७३० च्या दशकात आलेला, तेलुगू मुलखात राबलेला, १७७९ साली पाँडिचेरीत वारलेला जेझुइट. त्याची मूळ प्रत नाहीशी झाली आहे. संशोधकाने कसं वागावं याचा हा धडा मला फार मोलाचा वाटतो: दहा वर्षं तोच धागा धरून स्वतःचाच पहिला तर्क मागे टाकायचा.

केर्दूचं श्रेय एकदाच गेलं असंही नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं त्याने १७६७ साली पॅरिसच्या विद्वानांना कळवलं होतं. ते पत्र छापलं गेलं १८०८ साली. तोवर याच शोधासाठी विल्यम जोन्सचं नाव सर्वतोमुखी झालं होतं.

द्युबुआला मी सरसकट चोर म्हणणार नाही. म्हैसूरची वर्षं त्याची स्वतःची, कष्टाची आहेत. पण होन त्याने घेतले आणि केर्दूचं नाव घेतलं नाही, हे मला माफ करवत नाही. आणि केर्दूच्याही मागे कोणीतरी आहे. त्याला होमाचा क्रम सांगणारा, पाट्यावर पाऊल का ठेवायचं ते समजावणारा तेलुगू ब्राह्मण कोण?

थॉमस हिकी या मद्रासवासी चित्रकाराने द्युबुआचं देशी वेषातलं चित्र काढलं, त्यात तो एकटा आहे. याच हिकीने १८१६ साली कर्नल कॉलिन मॅकेंझीचं चित्र काढलं. दक्षिणेतले शिलालेख, कैफियती, बखरी गोळा करणाऱ्या मॅकेंझीच्या संग्रहाचा मोठा भाग आज चेन्नईच्या सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात आहे, मराठी कागदांसकट. त्या चित्रात कर्नलाभोवती त्याची माणसं उभी आहेत: जैन पंडित धर्मय्या, तेलुगू विद्वान कावली वेंकट लक्ष्मय्या आणि दुर्बीण धरलेला कृष्णाजी. एकाच शहरात, एकाच चित्रकाराकडे, त्याच काळात हे होऊ शकत होतं. म्हणून ‘तेव्हा रीतच तशी होती’ हा द्युबुआचा बचाव मी मान्य करत नाही.

याचा परिणाम अभ्यासावरही झाला. बालविवाहावर, स्त्रियांच्या स्थितीवर लिहिताना आजही द्युबुआचा दाखला १८०० च्या आसपासचा म्हैसूर किंवा मद्रास म्हणून दिला जातो. प्रत्यक्षात त्यातलं पुष्कळसं वर्णन त्याच्या कितीतरी आधीचं, केर्दूच्या काळातलं आहे. पुस्तकाची पुढची आवृत्ती काढणाऱ्याने मुखपृष्ठावर केर्दूचं नाव घालावं आणि कोणतं पान कुठून आलं, हे म्यूरबाईंच्या आधाराने समासात दाखवावं. ते काम करण्याजोगी सामग्री १९८७ पासून छापील उपलब्ध आहे.