डझन, दर्जन आणि बारा

हिवाळ्यात नागपूरची संत्री जबलपूरच्या बाजारात येऊ लागली म्हणजे तेथील मराठी घरांतून एक लहानसा चमत्कार रोज घडत असतो, आणि रोज घडतो म्हणूनच तो कोणाच्या ध्यानात येत नाही. बड्या फुहाऱ्याच्या परिसरातील फळवाल्याशी घासाघीस करताना घरची गृहिणी 'एक दर्जन' संत्री मागते. तीच संत्री पिशवीतून घरी आली की 'डझनभर' होतात. हिंदी शाळेत जाणारा नातू घरातही दर्जन म्हणू लागला तर आजी त्याला अडवते. 'आपल्यात डझन म्हणतात,' असे ती बजावते. शब्द मुळात इंग्रजी; तरी त्यातला एक उच्चार 'आपला' आणि दुसरा 'त्यांचा', हा भेद आजीच्या मनात पक्का असतो. तिच्या या आग्रहाला हसू नये. परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबाची भाषा मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा अशा किरकोळ शब्दांच्या उच्चारांतच अधिक काळ तग धरून राहते.

जबलपूर आणि मराठी यांचा संबंध आजकालचा नव्हे. १७८१ साली गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले, १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला, आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी शहर ताब्यात घेतले. पुढे जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे दीर्घकाळ एकाच मध्य प्रांतात नांदली. १८७० मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग आणि अलाहाबादकडून येणारा लोहमार्ग जबलपुरातच एकमेकांस मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. तेथील मराठी माणूस जागचा हलला नाही, सीमा तेवढी हलली. डझन आणि दर्जन हे दोन उच्चार एकाच घरात नांदतात, ते या इतिहासामुळे.

आता प्रत्यक्ष शब्दाकडे वळावे. प्राचीन रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत बारा या संख्येला 'दुओदेकिम्' म्हणत. त्यातील 'दुओ' म्हणजे दोन आणि 'देकिम्' हे दहाचे रूप. लॅटिनपासून फ्रेंच भाषा घडत असता हा लांबलचक शब्द झिजत झिजत 'दूझ' एवढाच उरला. त्याला फ्रेंचांनी समूह दाखविणारा एक प्रत्यय जोडला. संस्कृतात पंच, अष्ट, शत यांना 'क' लागून पंचक, अष्टक, शतक असे समूहवाचक शब्द होतात, तसाच हा प्रकार. अशा रीतीने 'बारांचा गट' या अर्थाचा 'दूझेन' हा शब्द सिद्ध झाला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच ही तेथे दरबाराची आणि वरिष्ठ वर्गाची भाषा झाली आणि पुढील दोन-तीन शतकांत असंख्य फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. डझन हा त्यांपैकीच एक. इंग्रजांपाशी बारासाठी स्वतःचा जुना शब्द होताच. तो निराळ्याच विचारातून निघालेला आहे: दहा मोजून झाल्यावर दोन 'उरले', असा त्याचा मूळ अर्थ. पण तो केवळ आकडा सांगतो. अंडी, पाव, गुंड्या अशा सुट्या वस्तूंचा एक गठ्ठा मनासमोर उभा करण्याचे काम फ्रेंचांकडून आलेल्या शब्दाने पत्करले.

इकडे आपला 'बारा' पाहिला तर तोही असाच झिजलेला निघतो. संस्कृत 'द्वादश' म्हणजे द्वा आणि दश, दोन आणि दहा. प्राकृतात त्यातील 'द्व'चा 'ब' झाला, जसा बावीस आणि बत्तीस यांत झाला. मधल्या 'द'चा 'र' झाला, जसा अकरा, तेरा आणि सतरा यांत झाला. आणि शेवटच्या 'श'चा 'ह' झाला. हिंदीने तो हकार 'बारह' या रूपात अजून सांभाळला आहे, मराठीने तोही टाकून दिला. लॅटिन आणि संस्कृत या एकाच आदिभाषेच्या लेकी. तेव्हा 'दुओदेकिम्' आणि 'द्वादश' ही सख्ख्या बहिणींची लेकरे होत. डझनातील 'ड' आणि बारातील 'बा' हे दोघेही मुळात 'दोन'. डझनातील 'झ' आणि बारातील 'रा' हे दोघेही 'दहा'चे अवशेष. हजारो वर्षांपूर्वी दोन दिशांना गेलेले हे भाऊबंद जबलपूरच्या फळबाजारात एका टोपलीपाशी पुन्हा भेटतात आणि एकमेकांस ओळखत नाहीत!

मग डझन शुद्ध आणि दर्जन अशुद्ध, असे म्हणता येईल काय? तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. इंग्रजी 'ड' हा आपल्या 'द' आणि 'ड' यांच्या मधोमध उच्चारला जातो. ऐकणारा त्याला आपल्या कानाप्रमाणे एका बाजूला ढकलतो. मराठीने 'डिसेंबर' म्हटले, हिंदीने 'दिसंबर'. (त्या महिन्याच्या नावातही तोच लॅटिन दहा दडलेला आहे, रोमनांचे वर्ष एके काळी मार्चपासून सुरू होई, म्हणून बारावा महिना आजही दहाव्याचे नाव मिरवितो.) मराठीत च, ज, झ यांचे दंत्य उच्चार पूर्वापार असल्यामुळे इंग्रजी शब्दातील मधले अक्षर आपल्या 'झ'ने सहज झेलले. हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचा 'ज' झाला आणि मागे एक रफार येऊन बसला. प्रत्येक भाषेने पाहुण्याला आपल्या घरचे वस्त्र नेसविले, एवढेच. मराठीने तर त्याला विभक्तीही लावली: डझनाचा भाव, डझनाला किती, डझनावारी खरेदी. ज्या शब्दाला सामान्यरूप मिळाले तो परका राहिला नाही, असे मानावयास हरकत नसावी.

परंतु हा पाहुणा येथे इतका रुजला का, याचे खरे उत्तर व्याकरणात सापडत नाही, ते हिशेबात सापडते. वस्तू गटाने मोजण्याची रीत आपल्याकडे पूर्वीही होती. विसांची कोडी होती, शेकडा होता, जोडी होती. बाराचा आकडा मात्र मोठा सोयीचा. त्याचे निम्मे होतात, तीन भाग होतात, चार होतात, सहाही होतात. दहाचे तसे होत नाही. अंगठ्याने चार बोटांची पेरे मोजली तरी बाराच भरतात. त्यात आणखी एक योग जुळून आला. इंग्रजी शिलिंगचे पेन्स बारा, तशा आपल्या आण्याच्या पै बारा. म्हणून डझनाला जितके आणे भाव, तितक्याच पै एका नगाला पडत. सहा आणे डझन संत्री, तर एक संत्रे सहा पै, म्हणजे अर्धा आणा. पाटी नको, पेन्सिल नको. अक्षरओळख नसलेली बाईदेखील हा हिशेब तोंडी करी आणि सुटे फळ घेताना फसत नसे. गरिबाच्या घरी डझन क्वचितच येई, दोन-तीन नगच येत. तेव्हा या मेळाचे मोल त्यालाच अधिक होते.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हा मेळ तुटला. रुपयाला डझन असलेले फळ सुटे घ्यावयाचे तर सव्वाआठ पैशांहून थोडे अधिक पडू लागले, आणि ते 'थोडे अधिक' कोणाच्या पदरात पडावयाचे हे दुकानदार ठरवू लागला. दशमान नाणी आणि मापे यांनी देशाचे हित केले यात शंका नाही. हे एक सूक्ष्म नुकसान तेवढे हिशेबात धरले गेले नाही. १९५६ च्या कायद्याने शेर आणि मण यांची रजा झाली, डझन मात्र टिकला. ज्या आण्याच्या आधाराने तो रुजला, तो आणा गेला तरी केळी आजही डझनानेच मागितली जातात.

सगळा माल अर्थात या मोजणीत बसला नाही. जबलपूरच्या विडीधंद्याने बाराला कधी जवळ केले नाही. तेंदूची पाने पन्नासांच्या गड्डीने मोजतात, विड्या वळणाऱ्याची मजुरी हजारी ठरते. उलट गुंड्या आणि पेन्सिली बारा डझनांच्या, म्हणजे १४४ नगांच्या 'ग्रोस'ने येतात. हा ग्रोस म्हणजे फ्रेंचांचा 'मोठा डझन'.

इंग्रजीत डझनाचे अर्थ पुढे सैल होत गेले. अनेकवचनी डझन म्हणजे नुसते 'पुष्कळ'. 'पाववाल्याचा डझन' तर तेरांचा! तेराव्या शतकापासून इंग्लंडात कमी वजनाचा पाव विकणाऱ्यास कायद्याने शिक्षा होई, म्हणून पाववाले सावधगिरीने एक पाव जास्त घालीत, असे त्याचे कारण सांगतात. दुसरे कारण असे देतात की, फेरीवाल्यास बाराच्या किमतीत तेरा पाव मिळत आणि तो तेरावा हीच त्याची कमाई असे. दुसरे कारण अधिक व्यवहारी वाटते. भीतीपोटी घातलेला पाव इतकी शतके टिकला नसता. मराठी बाराही असाच सैल आहे. बारा गावचे पाणी प्यालेल्याची गावे कोणी मोजीत नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर १७७४ मध्ये पुण्यास पुढे आलेल्या बारभाईंतही नेमक्या आकड्यापेक्षा पुष्कळांनी मिळून चालविलेला कारभार हाच अर्थ लोकांच्या मनात राहिला.

आजी आणि नातू यांचा वाद अर्थात एवढ्याने मिटत नाही, आणि तो मिटावा असेही नाही. बाजारात जाताना आजी चिठ्ठी लिहून देते: 'संत्री दोन डझन.' लिपी देवनागरीच असल्यामुळे फळवाल्यास ती वाचता येते. तो चिठ्ठी डोळ्यांजवळ नेतो, 'दो दर्जन' असे मोठ्याने म्हणतो, आणि चोवीस फळे मोजून पिशवीत टाकतो.